चादरीचं दुसरं टोक

३ मार्च

प्रिय टीपकागदा,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा लॉन्ड्रीत रोलरमध्ये सापडला. अंगठा वाचला, बोटं गेली. बाकी धडधाकट आहे.

मालकीणबाई दवाखान्यात येऊन गेल्या. फळं आणली. डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या. एक कागद ठेवून गेल्यात, सही हवी आहे. डाव्या हाताची सही चालते का? तू ऑफिसात होतीस, तुला ठाऊक असेल.

दमले. एवढ्याला सकाळ गेली.

तुझी शाई


८ मार्च

प्रिय शाई,

सही करू नकोस. हे वाक्य आधी वाच, मग बाकीचं सावकाश वाच. सही करू नकोस.

पाकिटावरचं अक्षर बघून मला वाटलं, शेजारच्या घरातल्या कुणा लहानगीचं पत्र चुकून माझ्याकडे आलं. उघडलं आणि तशीच स्वयंपाकघरात खाली बसले. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, आधी रडून घे, मग सांग." मग रडून घेतलं.

तुझं हे असलं अक्षर मी एकदाच पाहिलं आहे, आपण पहिल्यांदा एका बाकावर बसलो तेव्हा. तू डाव्या हाताने लिहायचीस. ओल्या अक्षरांवरून तुझा हात फिरायचा आणि करंगळीपासून मनगटापर्यंत तू निळी होऊन घरी जायचीस. मी शेजारी बसून टिपत राहायचे. वर्गाने तुला शाई केलं आणि मला टीपकागद, आणि आपली खरी नावं हजेरीपुरती उरली. मग वर्गाच्या सिस्टरनी ठरवलं की तुला उजव्या हाताने लिहायला शिकवायचं. मला म्हणाल्या, "तू तिचा डावा हात धरून बस, म्हणजे तो मधे येणार नाही." अख्खं वर्ष मी बाकाखाली तुझा हात धरून बसले. सिस्टरना वाटायचं मी शिस्त लावते आहे. आपण खालच्या खाली बोटांनी गप्पा मारायचो, आठवतं?

आता कामाचं. अख्खी नोकरी मी मोठ्या साहेबांची पत्रं लिहिण्यात काढली. नकाराचं पत्रसुद्धा असं लिहायचे की समोरचा आभार मानायचा. म्हणून सांगते, दवाखान्यात खाटेवर ठेवलेला कागद कधीच चांगला नसतो. मालकीणबाईंचे अश्रू खरे असतील. अश्रू खरे आणि कागद खोटा, असं पुष्कळदा असतं. तू वकील कर. कामावर असताना हात गेला आहे, भरपाई हा तुझा हक्क आहे. तिथे कुणी ओळखीचं आहे का? नसेल तर मी शोधते.

आणि झालं कसं ते लिही. हळूहळू, रोज चार ओळी. सराव होईल.

तुझी टीपकागद


२९ मार्च

प्रिय टीपकागदा,

रोज चार ओळी करत हे पत्र जमवलं आहे. शेवटाकडे अक्षर बरं वाटलं तर शाबासकी दे.

सही केली नाही. भाच्याने कागद वाचून दाखवला. मी स्वतःच्या निष्काळजीपणाने जखमी झाले, आणि मालकांनी माणुसकी म्हणून जे दिलं त्यावर माझं पूर्ण समाधान आहे, असं त्यात होतं. भाचा म्हणाला, "आत्या, कर सही आणि आमच्याकडे चल. आता एकटी कशी राहणार? बाळाजवळ बसायला कुणीतरी हवंच आहे." सूनबाई माझ्या खोल्यांवरून नजर फिरवून म्हणाली, "कपाट मात्र मावणार नाही हं, आत्याबाई." वाईट नाहीत गं दोघं. पण नवरा गेल्यावर या दोन खोल्या मी माझ्या कमाईवर राखल्या. माझं दार मी उघडते, मीच लावते. ते गेलं तर मग मी कुणाची तरी आत्या तेवढी उरेन.

म्हणून गेले वकिलाकडे. जोडीदारीण घेऊन गेली. ही जोडीदारीण कोण ते तुला सांगायला हवं. चादरी इस्त्रीच्या रोलरमध्ये घालायला दोघी लागतात, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. ती डाव्या टोकाला, मी उजव्या, कितीतरी वर्षं. आम्ही एकमेकींच्या घरी फारशा जात नाही. पण तिचं डोकं दुखतं आहे हे मला तिने चादर ओढली की कळतं.

आता झालं कसं ते. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. तिला बोट लागलं की मशीन थांबतं. आमची पट्टी हळवी झाली होती, नुसता कापडाचा धक्का लागला तरी थांबवायची. कामं तुंबायला लागली तसा मुकादम म्हणाला, बांधून टाका तिला. जोडीदारिणीने फाटक्या अभ्र्याची चिंधी घेतली आणि बांधली. आम्ही हसलो, म्हटलं आता ही बया गप्प बसेल. आणि मग एक दिवस चादरीचा कोपरा दुमडला. दुमडलेला कोपरा हाताने सरळ करायचा, सगळ्याच करतात. मी केला. मी दवाखान्यातून येईपर्यंत चिंधी कुणीतरी सोडून टाकलेली.

वकीलबाई तरुण आहेत. टेबलावर फायलींचा डोंगर, त्याच्या टोकावर चहाचा कप, आता पडेल मग पडेल असा. बसा म्हणाल्या नाहीत, आम्ही बसलो.

"चूक कुणाची?"

म्हटलं, "माझीच म्हणायची. हात मी घातला."

"रोज घालायचात?"

"रोज. नाहीतर चादर वाकडी जाते आणि मुकादम ओरडतो."

"मग चूक तुमची कशी झाली? हे वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही. घरी आरशासमोरसुद्धा नाही." मग जोडीदारिणीकडे वळल्या. "पट्टी तुम्ही बांधलीत. हे तिथे येऊन सांगाल? नोकरी जाऊ शकते."

ती म्हणाली, "बांधताना हात माझेच होते ना? मग तोंडही माझंच लागेल."

फी त्या भरपाई मिळाल्यावरच घेणार आहेत. उठताना बजावलं, "आता मालकांशी बोलायचं नाही, त्यांना काही लिहायचं नाही. तुमच्या वतीने कुणीही नाही." मी म्हटलं, मैत्रिणीला लिहिते, ती दूर असते. म्हणाल्या, "लिहा. तिला म्हणावं, पत्रं वाचा आणि पेटीत ठेवा."

बघ, तुलासुद्धा हुकूम आला.

शाई


६ एप्रिल

प्रिय शाई,

शाबासकी. शेवटच्या पानावरचा 'ळ' तर सिस्टरनी फळ्याशेजारी लावला असता. मी तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघते. पहिल्यात अक्षरं पावसाने झोडपल्यासारखी आडवी पडली आहेत, आणि आता बघ, उभी राहायला लागली. माझा हट्ट चालू ठेव. रोज लिही.

वकीलबाई हुशार असतील, पण मला आवडल्या नाहीत. हात गेलेल्या बाईला बसा म्हणायला काय जातं? आणि सगळं भांडणानेच मिळतं असं या नव्या मुलींना का वाटतं? आमच्या साहेबांकडे कितीतरी प्रकरणं वकिलांच्या नोटिशांनी चिघळायची, आणि एका नीट लिहिलेल्या पत्राने मिटायची. समोर माणूस असतो गं, दगड नसतो. तुझ्या मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी विसरले नाही.

असो. तू काळजी करू नकोस. माझ्या परीने मी आहेच.

इकडे बाल्कनीत कबुतरांनी घर केलं आहे. लेक म्हणते हाकलून दे. मी रोज उद्यावर ढकलते.

तुझी टीपकागद


२ मे

प्रिय टीपकागदा,

आज मला फार वाईट वाटतं आहे आणि सांगायला तूच आहेस.

त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. वकीलबाईंनी वाचून दाखवलं. म्हणे, अर्जदार बाई जन्मापासून डावखुऱ्या आहेत, त्यांचा मुख्य हात शाबूत आहे, तेव्हा नुकसान सांगतात तेवढं नाही. पुढचं याहून वाईट. उजव्या टोकाला उजव्या हाताची बाई हवी, कारण कड सरळ करायची ती बाहेरच्या हाताने. ही बाई डावखुरी असल्याचं लपवून तिथे उभी राहिली, म्हणून अपघात झाला.

वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. "डावखुऱ्या आहात?"

म्हटलं, "होते. लहानपणी. शाळेत सोडवलं ते. तेव्हापासून सगळं उजव्यानेच."

"कुणाला माहीत होतं?"

लॉन्ड्रीत एकीलाच. कधीतरी जेवणाच्या सुट्टीत जोडीदारिणीला मी तुझी आणि सिस्टरची गंमत सांगितली होती. बाकी कुणाला नाही.

तिथून तशीच तिच्या घरी गेले. दारातच बोलले. नोकरी वाचवायला मला विकलंस म्हटलं. आणखीही बोलले, ते लिहवत नाही. शेजारणी बाहेर आल्या. ती भाजी चिरत होती, हातातली सुरी तिने खाली ठेवली, पुसली. म्हणाली, "झालं बोलून? मग जा. मला पाळीवर जायचं आहे."

नाही म्हणाली नाही. मी नाही केलं, एवढंसुद्धा नाही. म्हणजे तीच ना? तू सांग. माणसाला इतकी वर्षं दुसऱ्या टोकाला बघून काहीच कळत नाही का?

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. चिंधीबद्दल सांगणारं आता कुणी नाही.

शाई


८ मे

प्रिय शाई,

पत्र मिळालं. उन्हामुळे माझी तब्येत जरा बरी नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. तू जोडीदारिणीवर रागावू नकोस. तिने नसेल सांगितलं. अशा गोष्टी कुठून कुठे जातात, कळत नाही. जेवत जा.

टीपकागद


१० मे

प्रिय शाई,

परवाचं पत्र फाडून टाक. तब्येतीला काही झालेलं नाही.

मी लिहिलं. तुझ्या मालकीणबाईंना. वकीलबाईंनी नको म्हटलं होतं आणि तू मला तसं कळवलं होतंस, तरी. मला वाटलं, ते वकिली नियम तुमच्यासाठी. एका बाईने दुसऱ्या बाईला मनापासून लिहिलं तर त्यात काय. तीन वेळा कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. चांगला कागद आणला. तू कोण आहेस ते त्यांना कळावं म्हणून शाळेपासून लिहिलं. बाक, शाई, सिस्टर, सगळं. आणि शेवटी हे वाक्य लिहिलं. मला ते पाठ आहे, कारण तेव्हा माझं मलाच फार आवडलं होतं: "ज्या हातासह ती जन्माला आली तो डावा हात आजही शाबूत आहे, आणि तोच आता मोठ्या आशेने तुमच्यापुढे पसरला आहे."

त्यांना तेवढंच हवं होतं. शाबूत आहे.

उत्तर आलं नाही तेव्हा मला वाटलं, बाई विचार करत असतील. मी त्यांच्या उत्तराची वाट बघत होते, शाई. टपालाच्या वेळेला केस विंचरून बसत होते.

जोडीदारिणीने काही केलेलं नाही. हे तू तिला माझ्या नावाने सांग. आणि वकीलबाई म्हणतील ते मी करीन, म्हणतील तिथे येऊन उभी राहीन. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते वाक्य फार छान जमायला लागलं, म्हणून खोडलं.

टीपकागद


५ जून

टीपकागदास,

लगेच उत्तर लिहिलं असतं तर कागद फाटला असता. म्हणून थांबले.

वकीलबाईंनी तुझं ते पत्र त्यांच्याकडून मागवून घेतलं आणि मला वाचायला दिलं. सुंदर आहे. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला. तू मला त्यांच्यापुढे हात पसरायला लावलंस. मी हात पसरला नव्हता गं. मी हक्क मागत होते. हे तूच मला पहिल्या पत्रात शिकवलं होतंस.

जोडीदारिणीकडे गेले. सांगितलं, चूक झाली, पत्र दुसऱ्याच कुणाचं होतं. ती म्हणाली, "लिहिलं तुझ्या मैत्रिणीनं आणि बोलणी खाल्ली मी. मी काय केलं होतं गं? आणि तुला विचारावंसंही वाटलं नाही. थेट ओरडतच आलीस." मी म्हटलं, सुनावणीला... तर तिने दार लावून घेतलं. जोरात नाही. हळूच लावलं. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

वकीलबाई म्हणतात, तू यायलाच हवं. शाळेत माझा हात बदलला हे पाहिलेली तूच एक आहेस. सुनावणी अठराला आहे. आदल्या दिवशी ये. बाहेर कुठे उतरू नकोस, बिछाना घातलेला असेल. बोलेन की नाही ते आत्ता सांगत नाही.

शाई


२६ जून

प्रिय शाई,

सुखरूप पोचले. निकाल यायला वेळ आहे, पण मला आजच लिहायचं आहे. तू त्या खोलीत निकाल देणाऱ्या साहेबांकडे तोंड करून उभी होतीस. तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला दिसलं नाही. मला दिसलं.

आदल्या संध्याकाळी तू मला जेवायला वाढलंस, डाव्या हाताने, पळी तिरकी धरून, आणि बोलली नाहीस. मीच बोलले. म्हटलं, "उद्या त्यांनी लिहायला सांगितलं तर जरा वाईट लिही. पहिल्या पत्रासारखं." तू ताटाकडेच बघत राहिलीस. तेव्हा मला समजलं की आपण दोघींनी चुकून काय करून ठेवलं आहे. रोज चार ओळी लिही, सराव होईल, असं मी म्हणत गेले आणि तुझा 'ळ' सुधारत गेला.

आणि त्यांनी ते विचारलंच. माझी साक्ष झाली होती. सिस्टरनी हात कसा बदलला, मी बाकाखाली कसा धरून ठेवला, ते मी सांगितलं. त्यांच्या वकिलाने गोड हसून विचारलं, "म्हणजे मूळचा हात डावाच?" मी म्हटलं, मूळचा. "तो आजही शाबूत आहे, असं आपणच लिहिलंत?" लिहिलं, म्हटलं. मग त्याने तुझ्यापुढे कागद सरकवला. तुझे खांदे वर गेले आणि खाली आले, वर्गात कठीण शब्द आला की जायचे तसे. मी मनात म्हणत होते, वाईट लिही, शाई, एकदा तरी वाईट लिही. तू नाव लिहिलंस. त्याने कागद साहेबांना दाखवला तेव्हा मला मागून दिसला. सुरेख. एकही अक्षर आडवं नाही. मला वाटलं, संपलं. तुझं दार गेलं.

तुझ्या वकीलबाई मात्र काहीच झालं नसल्यासारख्या उठल्या आणि पिशवीतून चादर काढली. दवाखान्यातली मोठी पांढरी चादर. (त्यांच्याविषयी मी जे लिहिलं होतं ते सगळं परत घेते. मला त्यांनी बसा म्हटलं नाही ते नाहीच, तरी परत घेते.) म्हणाल्या, "साहेब, या बाईंचं काम नाव लिहिण्याचं नव्हतं. त्यांचं काम हे होतं. बाई, उलगडा आणि नीट धरा. मशीनमध्ये घालायची आहे असं समजा."

तू झटकलीस. एक कोपरा हातात आला, बाकीची सगळी जमिनीवर. तू उजव्या अंगठ्याने दुसरा कोपरा मनगटाशी दाबायला गेलीस, तो सुटला. पुन्हा उचललीस. पुन्हा सुटला. मला उठावंसं वाटलं, पण उठून काय करायचं ते मला येत नव्हतं. मी पत्रं लिहिणारी बाई.

आता ऐक, हे तुला दिसलं नाही. अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ, डोक्यावरून पदर घेऊन एक बाई बसली होती. मी तिला ओळखत नव्हते. आम्ही आत आलो तेव्हा ती तिथे नव्हती, मधेच कधीतरी येऊन बसली असावी. तिचा चेहरा दगडासारखा होता. पण तू पहिल्यांदा चादर झटकलीस ना, तेव्हाच तिची बोटं मांडीवर हलायला लागली. अंगठा आणि दोन बोटं, हवेतलं काहीतरी चिमटीत धरल्यासारखी. दुसऱ्यांदा कोपरा सुटला तेव्हा ती उठली. मला नाही वाटत की तिने उठायचं ठरवलं होतं. बाकांमधून चालत आली, वाकली, जमिनीवरचं टोक उचललं, आणि एका झटक्यात चादर तुमच्या दोघींमध्ये ताठ उभी राहिली.

साहेब म्हणाले, "तुम्ही कोण? मधे येऊ नका."

ती म्हणाली, "दुसरं टोक माझं आहे."

पुढचं तुला माहीत आहे. मुकादमाने काय सांगितलं, चिंधी कशाची होती, कुणी बांधली, अपघात झाल्यावर कुणी सोडायला लावली. मुकादम समोर बसलेला असताना तिने सांगितलं. आणि तू उजव्या टोकाला का उभी राहायचीस असं विचारल्यावर म्हणाली, "पहिल्या दिवशी मुकादमानं उभं केलं म्हणून. आम्हाला टोक निवडायला कोण सांगतं, साहेब?"

सांगून झाल्यावर ती तुझ्याकडे न बघता निघून गेली. तू तिच्या मागे धावलीस, मी मात्र खाली पडलेली चादर उचलून घडी घालत बसले. एकटीला नीट येईना. मला तर दोन्ही हात आहेत.

स्टेशनवर गाडी सुटताना तू माझा हात धरलास. डाव्या हाताने. बोललीस काहीच नाही, पण बोटं हलली. मला समजलं असं मी धरून चालते. चुकत असेन तर कळव.

तुझी टीपकागद


११ ऑगस्ट

प्रिय टीपकागदा,

निकाल लागला. भरपाई मिळाली. वकीलबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "जिंकलो. पण पूर्ण नाही." पट्टी बांधायला लावली ही चूक लॉन्ड्रीची, हे साहेबांनी मान्य केलं. पण डाव्या हाताने मी अजून पुष्कळ काही करू शकते, असंही लिहिलं आहे, आणि तेवढा भाग कापला. तुला खोटं सांगणार नाही. तुझ्या त्या वाक्याचा निकालात उल्लेख आहे. आणि माझ्या सुरेख सहीचासुद्धा. तेव्हा अर्धा दोष तुझा, अर्धा माझा. वाईट लिहायचं मी ठरवून गेले होते, हे तुला आज सांगते. पेन टेकवलं आणि हाताने ऐकलं नाही. इतक्या मुश्किलीने परत आलेलं अक्षर होतं ते, मला खाली पाडवेना.

भाच्याकडे जात नाही. सूनबाईंना म्हटलं, बाळाला इकडे घेऊन येत जा, कपाटही इथेच आहे.

पण दोन खोल्या परवडणार नाहीत. म्हणून आतली दिली आहे भाड्याने. कुणाला ते तुझ्या लक्षात आलंच असेल. सुनावणीनंतर आठवडाही गेला नाही आणि तिला कामावरून काढलं. कारण दुसरंच दाखवलं. वकीलबाई म्हणतात, तिचंही लढू. ती म्हणते, बघू. तिच्या घरमालकाने खोली खाली करायला सांगितली तेव्हा मी जाऊन विचारलं. या वेळेस ओरडत गेले नाही, आधी विचारलं. म्हणाली, "भाडं देईन. फुकट राहणार नाही." मी म्हटलं, फुकट ठेवायची माझी ऐपतच नाही. त्यावर हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पण पूर्ण नाही हसली. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते. मी जे बोलले ते तिच्या मनात आहे. असणारच.

चादर धुवून वाळली की मी ती खुर्चीवर तशीच ठेवते. हाक मारत नाही. थोड्या वेळाने ती येते, तिचं टोक उचलते. मी माझं धरते. ओढलं की मला कळतं, आज बरी आहे की नाही. घडी झाली की ती आत जाते.

तू म्हणतेस, स्टेशनवर बोटं हलली ती तुला समजली. मला तर आठवतही नाही मी काय म्हटलं. बहुतेक शाळेतलंच असेल, तास कधी संपतोय गं.

दिवाणावर जागा आहे. ये. ती तुझ्याशी कशी वागेल ते मात्र सांगता येत नाही, तेवढं तुझं तू सोसायचं. आणि तोवर लिहीत जा, लांबलचक, हवं तितकं सुंदर. पण फक्त मला.

या पानाच्या कडेला डाग पडला आहे बघ. लिहिता लिहिता हात ओल्या अक्षरांवरून जातो, पुन्हा मनगटापर्यंत निळी झाले आहे. टिपायला शेजारी कुणी नाही. म्हणून घडी घालायच्या आधी वाळेपर्यंत बसून आहे.

तुझी शाई